खडूच्या खोक्यातली कार्डं

आमच्या शाळेतून बाहेर पडलेला एकही माणूस आयुष्यात पुरता मोठा होऊ शकला नाही, आणि याला एकटे भाऊसाहेब जबाबदार आहेत. कुणी मुंबईला साहेब झाला असेल, कुणाच्या दारात गाडी आली असेल, कुणाचं डोकं पार पांढरं झालं असेल. भाऊसाहेबांच्या टेबलाशेजारच्या खडूच्या खोक्यात तो अजून आठवी ‘ब’मध्येच असायचा आणि मास्तरांच्या सायकलची हवा सोडताना सापडलेला असायचा. शाळेच्या कारकुनाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. प्रत्येक शाळेला एक भाऊसाहेब असतो, तसे आम्हाला हे होते. त्यांना दुसरं नाव होतं, पगारपत्रकावर ते दर महिन्याला दिसायचं, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नाही. त्यांच्या पत्नीसुद्धा त्यांना भाऊसाहेबच म्हणायच्या.

शाळा खालापूर तालुक्यात, रस्ता सोडून थोडी आत, चहूबाजूंनी भातशेती. मी तिथेच शिकले. आमच्या शेताच्या बांधावरून शाळेचं छप्पर दिसायचं, एवढ्या एकाच गुणावर वडिलांनी मला अकरावीपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकपर्यंत, शिकू दिलं. पुढे कर्जतच्या मावशीकडे राहून बी.एस्सी. झाले, बी.एड. केलं आणि विज्ञानाची बाई म्हणून त्याच शाळेत परत आले. पहिल्या दिवशी रुजू होण्याचा अर्ज घेऊन कार्यालयात गेले तर भाऊसाहेब मान वर न करता म्हणाले, “हिकडं सही कर गं.” मी सही केली. त्यांनी ती टिपकागदानं टिपली, शिक्का मारला, तारीख घातली आणि उभे राहून म्हणाले, “बसा बाई. च्या घेणार का?” दोन वाक्यांमध्ये एका शिक्क्याचं अंतर होतं. त्या शिक्क्यानंतर त्यांनी मला पुन्हा कधी ‘गं’ म्हटलं नाही. मी कितीदा म्हटलं, अहो, मी तुमच्या मुलीसारखी. तर म्हणायचे, “ती तुमी घरी. हितं मस्टरवर सही करता ना?”

त्यांच्याकडे एक सायकल होती. तिच्यावर बसलेले ते मला कधी दिसले नाहीत. घरापासून शाळेपर्यंत ते तिला हाताला धरून चालवत आणत आणि चालवत नेत. कॅरियरला दप्तर, हँडलला छत्री, मधल्या दांडीला कुठल्याशा आजीनं नातवासाठी दिलेली काकडी. ही सायकल बसण्यासाठी नसून सामान वाहण्यासाठी आहे, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. बोलणं अस्सल गावचं, लिहिणं मात्र असं शुद्ध की तपासायला येणारे साहेब खालून वर वाचत, चूक सापडावी म्हणून. एकदा मी विचारलंच, बोलता एक आणि लिहिता एक, हे कसं जमतं? ते म्हणाले, “पायात वहाण घालतो म्हनून घरात पन घालतो का, बाई? कागदावर जाताना घालायची.”

तर कार्डं. त्यांची सुरुवात मी रुजू होण्याआधीची. शाळेला विहीर पाहिजे होती आणि मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, माजी विद्यार्थ्यांना मदतीची पत्रं पाठवायचं ठरवलं. सायक्लोस्टाईल करून एकच मजकूर सगळ्यांना गेला, ‘सप्रेम नमस्कार, ज्या मातृसंस्थेने आपणांस घडविले’ वगैरे. उत्तरं तीन आली. त्यातलं एक पोस्टाकडून होतं, की या पत्त्यावर असं कुणी राहत नाही. मोठे सर चिडले, जमाना कृतघ्न झाला म्हणाले. भाऊसाहेब म्हणाले, “साहेब, वळख न देता मागितलं तर ती भीक झाली. वळख देऊन मागितलं का ते घरचं मागनं.” आणि त्यांनी कामाला सुरुवात केली.

कार्डाला पुठ्ठा लागतो आणि पुठ्ठ्याला मंजुरी लागते, म्हणून त्यांनी लग्नपत्रिका घेतल्या. पंचक्रोशीतल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका शाळेला येतेच. त्यांच्या कोऱ्या बाजू त्यांनी एकसारख्या कापल्या आणि पट्टीनं रेघा मारून चौकटी पाडल्या. नाव. गाव. शाळा सोडल्याचे वर्ष. हल्लीचा पत्ता. आणि खाली सगळ्यांत मोठी चौकट, ‘शाळेत असताना काय केले’. त्यामुळे आमच्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या पाठीवर दुसऱ्याच कुणाचं तरी अर्धं लग्न असायचं. एकाच्या मागे नुसताच मुलाचा मामा, दुसऱ्याच्या मागे ‘अगत्य येण्याचे करावे’. ही कार्डं खडूच्या लाकडी खोक्यांत आडनावानं नव्हे, तर पहिल्या नावानं लावलेली असत. का, तर “पोराला आपन आडनावानं हाक मारतो का?”

मोठ्या चौकटीत हुशारी, गुण, नंबर यांना जागा नव्हती. “मार्क निकालाच्या रजिस्टरात हायेत. हितं त्यानं काय केलं ते पायजे.” आणि जे केलं ते जसंच्या तसं. एका नामांकित डॉक्टरांच्या कार्डावर होतं, ‘स्वच्छता मंत्री. दोन आठवडे.’ आमच्या सरपंचांच्या कार्डावर, ‘प्रभातफेरीत झेंडा धरला. खांदा दुखल्याने पुलाजवळ दुसऱ्यास दिला.’ पुण्याला बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका गृहस्थांच्या कार्डावर, ‘नाटक. झाड झाला. पहिला अंक. (दुसऱ्या अंकात झाड नव्हते.) तीन वेळा शिंकला.’ माझं कार्ड त्यांनी मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी दाखवलं. मी समजत होते, वक्तृत्व स्पर्धेचं लिहिलं असेल. तर, ‘संमेलनात पडदा ओढण्याचे काम. एकदा राजा मरण्याआधी ओढला.’ मी म्हटलं, भाऊसाहेब, मला वक्तृत्वात बक्षीस होतं. ते म्हणाले, “ते तुमाला म्हाईत हाय. राजाचं तुमी विसरला असता.”

पण शिस्त कडक. ऐकीव माहिती चौकटीत जाणार नाही. एकतर शाळेच्या दप्तरात नोंद पाहिजे, नाहीतर दोन साक्षीदार. हे साक्षीदार ते कुठेही गाठत. कर्जतच्या बाजारात, खोपोलीच्या यष्टी स्टँडवर, लग्नात अक्षता पडायच्या आधी. एकदा एकाच्या वडिलांच्या दहाव्याला नदीवर आम्ही सगळे गेलो होतो. पिंड ठेवलेला, कावळा येईना, मंडळी उन्हात ताटकळलेली. भाऊसाहेब सरकत सरकत कर्त्या मुलाजवळ गेले आणि हळूच म्हणाले, “दुःखाचं हाय, पन तू गावलास म्हनून इचारतो. तुमच्या वर्षाला संमेलनात हनुमान कोन झाला व्हता?” तो म्हणाला, मीच. मागून त्याचा चुलतभाऊ म्हणाला, तू कुठला, तू वानरसेनेत होतास, हनुमान मी. तिसरा म्हणाला, शेपटी माझ्या आईनं शिवली होती, मला माहीत आहे कुणी लावली ती. वाद असा रंगला की कावळा येऊन कधी शिवून गेला कुणाला कळलं नाही. घरची म्हातारी तेवढी म्हणाली, “पोरं हसली ना, म्हनून आला त्यो.” भाऊसाहेबांनी कार्डावर लिहिलं, ‘हनुमान. दोन दावेदार. शेपटी एकच.’

त्या कार्डांवरून ते प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहीत. मजकूर साधा. आपण अमुक वर्षी शाळेत होतात, आपण हे हे केले होते, शाळेला विहीर पाहिजे. झाडाला पत्र गेलं तेव्हा मोठे सर म्हणाले होते, अहो, शिंकांचं तरी गाळा. पण त्या बँकवाल्यांचं चार पानी उत्तर आलं. आपण एके काळी रंगभूमीवर उभे होतो हे घरात कुणाला पटत नव्हतं, शाळेच्या शिक्क्यानिशी पुरावा मिळाल्याबद्दल आभार, पत्र काचेत लावून दिवाणखान्यात टांगलं आहे. सोबत जे आलं त्यात विहिरीचा कठडा झाला. विहिरीला पाणी लागलं आणि मोठे सर कार्डांबद्दल बोलायचे थांबले. पत्र लिहिण्याचा नियम मात्र एकच होता, ज्याची मोठी चौकट कोरी त्याला पत्र नाही. “त्याला मी काय म्हनून लिवू? तू शाळेत व्हतास आनि आमी तुला बघितला नाय, आता पैसे दे?”

हे सगळं गमतीचं होतं, जोवर माझ्या मुलींवर आलं नव्हतं. त्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला. पुढच्या जूनपर्यंत प्रयोगशाळेची वेगळी खोली उभी राहिली नाही तर दहावीचा वर्ग बंद. मी नववीची वर्गशिक्षिका. वर्गात अकरा मुली. दहावी गावात नसली तर मुलगे खोपोलीला जातील, सायकलनं, ट्रकनं, लटकत, कसेही. मुलींचं काय होणार ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मला शाळा मिळाली ती बांधावरून दिसत होती म्हणून. खोपोली कुणाच्याच बांधावरून दिसत नव्हती. पुढच्या बाकावरची एक तर आधीच म्हणाली होती, “बाई, माजी मामी पोरगा बघते हाय. दहावीत गेली तर थांबंल.” मी तिला म्हटलं, थांबेल गं. माझ्या हातात काय होतं?

भाऊसाहेब पत्रं लिहायला बसले. कुणी विटा दिल्या, कुणी खिडक्यांचे गज, कार्डावर ‘लेझीम’ असलेल्या एकानं दरवाजा दिला. दिवाळी झाली तेव्हा भिंती उभ्या होत्या आणि वर आकाश होतं. स्लॅब आमच्या आवाक्यात नव्हता. तेव्हा संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, बाळारामला का नाही विचारत? बाळाराम आमच्याच पलीकडच्या वाडीचा शेतकऱ्याचा मुलगा, आता साजगावच्या कारखान्यांना ट्रक आणि माणसं पुरवायचा. पाच ट्रक होते. शाळेत त्याचं नाव होतं. भाऊसाहेबांनी खोकं उघडलं, ‘ब’ काढला, कार्ड काढलं. मोठी चौकट कोरी.

मोठे सर म्हणाले, “अहो, लिहा काहीतरी. कबड्डी खेळला असेल. इथे कोण खेळत नाही?”

“‘असंल’ चालत नाय, साहेब.”

“स्लॅबसाठी तरी चालवा!”

“स्लॅबसाठीच चालत नाय,” भाऊसाहेब म्हणाले. “उद्या त्याच्याखाली पोरं बसनार.”

पंधरा दिवस ते साक्षीदार शोधत होते. ज्याला विचारावं तो म्हणे, बाळाराम? होता खरा. आणि विषय बदले. मला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाबद्दल वावगं बोलायला लोक कचरत असतील. पंधरावा दिवस उलटला तशी माझी सहनशक्ती संपली. मी कार्यालयात गेले आणि कधी बोलले नाही असं बोलले. म्हटलं, तुमची एक चौकट भरायची आहे म्हणून माझ्या अकरा मुली चुलीपुढे बसणार आहेत. त्या पोरींची कार्डं करून ठेवा आत्ताच, त्यात लिहा, ‘शाळेत असताना काय केले: भाऊसाहेबांची वाट बघितली.’ मला रडू आलं होतं आणि त्याचाही राग आला होता. भाऊसाहेबांनी किल्ल्यांचा जुडगा काढला, मागच्या खोलीतलं जुनं कपाट उघडलं आणि म्हणाले, “चला बाई, दोघांनी बघू. माझ्या डोळ्यांला आता निळी शाई दिसत नाय.”

निळ्या शाईची गरज पडली नाही. तालुक्याच्या कबड्डी सामन्यांची बारा नावांची यादी सापडली, भाऊसाहेबांच्याच वळणदार अक्षरात. तिसरं नाव बाळारामचं. त्यावर लाल शाईची रेघ, आणि समोर शेरा, ‘हजेरी कमी. नाव कमी केले.’ खाली त्यांची सही. मी यादी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली. मग खाली बसले, तिथेच, फरशीवर.

त्या काळी तसा नियम होता. हजेरी ठरावीक टक्क्यांच्या खाली गेली की मुलाला संघात जागा नाही. सामने असत ते भातकापणी संपता संपता, आणि कापणीत शेतकऱ्याचा मुलगा शाळेत येईल कसा? दर वर्षी एकदोन नावांवर लाल रेघ पडायचीच. ती मारणारा हात भाऊसाहेबांचा. दुसऱ्याच दिवशी सायकल हाताला धरून ते खोपोलीच्या कागद गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले, कारण त्या संघाचा कप्तान तिथे कामाला होता. पाळी सुटली तेव्हा त्यानं सांगितलं. नुसतं नाव कापलं नव्हतं. बाळाराम संघाबरोबर टेंपोत चढलासुद्धा होता. भाऊसाहेब यादी घेऊन आले, नावं वाचली, आणि त्याला खाली उतरवलं. त्या वर्षी बापाचा पाय मोडला होता, सगळी कापणी त्या पोरानं एकट्यानं ओढली होती. “चढाईला त्याच्यावानी कोन नव्हता. आमी हरलो,” कप्तान म्हणाला. मग म्हणाला, “तुमाला कुनी बोललं नाय, भाऊसाहेब. तुमीच इचारत व्हता ना, मग कसं बोलनार?”

लोक का विषय बदलत होते ते तेव्हा कळलं. भाऊसाहेबांनी मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, नियम होता, तुम्ही काय करणार? ते म्हणाले, “नेम होता, ते हाय. पन मला आठवत नाय, बाई. कोन कितीदा शिंकला ते आठवतं, आनि पोराला उतरवला ते नाय आठवत.” एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज मी तसा ऐकला नव्हता.

पत्र लिहायला ते तयार होईनात. म्हणाले, स्वतः जातो. मोठ्या सरांनी मला बरोबर धाडलं, देणगीचं बोलायला, कारण भाऊसाहेब काय बोलून बसतील याचा त्यांना भरवसा नव्हता. आम्ही यष्टीनं साजगावला गेलो. बाळारामच्या आवारात दोन ट्रक उभे, तिसऱ्याचं चाक काढलेलं, आणि तो स्वतः लुंगी खोचून त्या चाकाशी. धिप्पाड माणूस. हात पुसत उठला.

“या भाऊसाहेब. अध्यक्ष बोललेत माज्याशी. छप्पर पायजे ना?”

“ते बाई बोलतील नंतर,” भाऊसाहेब म्हणाले. “मी साक्षीला आलोय.” आणि त्यांनी खिशातून ते कोरं कार्ड काढलं. “त्या दिवशी टेंपोतून मी तुला उतरवला. कप्तानानं सांगितलं. ही एक साक्ष झाली. दुसरी तुजी पायजे. उतरल्यावर तू कुठं गेलास?”

बाळारामनं हातातला फडका खाली टाकला. मला वाटलं, आता हा आम्हाला हाकलतो. मग त्यानं एक लाकडी खोकं पायानं सरकवून भाऊसाहेबांना बसायला दिलं आणि स्वतः चाकावर बसला.

“धावलो,” तो म्हणाला. “शेतातनं. खालापूरला पोचलो तवा दुसरा डाव चालू व्हता. शर्टाच्या आत संघाची गंजी व्हती, मी काडलीच नव्हती. रेघेच्या भाइर उभा ऱ्हायलो. कप्तान बगत व्हता माज्याकडं. पन यादीत नाव नाय तर आत कसा घेनार?”

“आनि मग?”

“मग काय? परत टेंपोत बसवत व्हते मला. नाय बसलो. चालत आलो. गंजी धुवून पोरांच्या हाती पाटवली. परत शाळंत आलो नाय.”

भाऊसाहेबांची मान खाली होती. म्हणाले, “जनरल रजिस्टरात शाळा सोडल्याचं कारन मी ‘घरकाम’ लिवलंय.”

“लिवा की. तुमचं रजिस्टर हाय.”

भाऊसाहेब उठले. ट्रकच्या बॉनेटवर कार्ड ठेवलं, पेनचं टोपण काढलं आणि सावकाश लिहायला लागले, त्याच वळणदार अक्षरात. आम्ही दोघं बघत होतो. लिहून झाल्यावर सही केली, तारीख घातली, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि कार्ड बाळारामच्या हातात दिलं. त्यानं ते दूर धरून वाचलं. ‘कबड्डी. संघात होता. यादीत नव्हता. चूक कार्यालयाची.’

त्यानं एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. मग कार्ड उलटं केलं. मागे कुणाच्या तरी लग्नाचं ‘आपले नम्र’ एवढंच होतं.

“हे कुनाचं?”

“ते बघू नको. पाठीमागचं आपलं नाय.”

बाळाराम हसला. हसता हसता त्यानं मनगटानं डोळे पुसले, आणि हाताचं ग्रीस सगळं गालाला लागलं. म्हणाला, “भाऊसाहेब, हे कार्ड मला द्या.”

“नाय देता येत,” भाऊसाहेब म्हणाले. “दप्तराचं हाय.”

मी अक्षरशः कपाळाला हात लावला. ज्या माणसाकडे आम्ही छप्पर मागायला आलो होतो त्याला हा गृहस्थ एक पुठ्ठ्याचा तुकडा द्यायला तयार नव्हता! आणि भाऊसाहेब ते कार्ड परत घेऊन खिशात ठेवतायत तोवर मी घाईघाईनं माझ्या अकरा मुलींचं सांगून टाकलं, नीट नाही, अडखळत, जून, शेरा, खोपोली, सगळं एकात एक. बाळारामनं ऐकलं. होय म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. “बगतो,” म्हणाला. परतीच्या यष्टीत भाऊसाहेब खिडकीबाहेर बघत होते. खिशावर हात होता.

मोठ्या सरांनी आमचं जे स्वागत केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण आठवडाभरानं रविवारी सकाळी ट्रकचा आवाज आला. वाळू, खडी, सळया, आणि मागच्या ट्रकमध्ये वीस माणसं. बाळाराम पुढे बसून आला होता. दगडावर नाव घालू म्हणून अध्यक्ष पुढे झाले तर म्हणाला, “नाव नको. एक करा. कापनीचे दीस हजेरीत धरू नका. कापनीपायी कुना पोराचं नाव काटायचं नाय.” मोठे सर विचारात पडले, नियम वरून आलेला. कार्यालयाच्या दारातून भाऊसाहेब म्हणाले, “साहेब, घरच्या शेतीसाठी रजा द्यायचा आपल्याला अधिकार हाय. मी कागद बघितलेत.” सगळं आयुष्य ज्यांनी हजेरीचा एक टक्का सोडला नाही, त्यांनी आठवडाभर बसून नियमातली फट शोधून काढली होती. त्या वर्षीपासून आमच्या हजेरीपटात ‘कापणी रजा’ आली. ती हिरव्या शाईनं मांडायची. लाल शाईची दौत भाऊसाहेबांनी कपाटात ठेवून दिली.

जूनमध्ये दहावीचा वर्ग भरला. अकरापैकी नऊ मुली बसल्या. दोघींची लग्नं झाली होती, पुढच्या बाकावरची त्यातली एक. मामी थांबली नाही. तिच्या पत्रिकेची कोरी बाजू भाऊसाहेबांनी कापली नाही, तशीच ठेवली.

नंतर दर वर्षी कापणी संपली की बाळाराम शाळेवरून जाताना ट्रक थांबवायचा. कार्यालयात येऊन म्हणायचा, “बगू माझं कार्ड.” भाऊसाहेब खोकं पुढे करायचे. तो स्वतः ‘ब’ शोधायचा, उभ्यानं वाचायचा, स्वतःच जागेवर लावायचा. चहा घेऊन जायचा. दुसरं काही बोलणं नाही. भाऊसाहेब निवृत्त झाले तरी त्या दिवसाला सायकल हाताला धरून कार्यालयात येऊन बसत. मग एका वर्षी आले नाहीत. त्या पावसाळ्यातच ते गेले होते.

ते शाळेचे विद्यार्थी नव्हते, त्यामुळे त्यांचं कार्ड नाही. आता खोकी माझ्या ताब्यात आली आहेत. मी त्यांच्यासाठी एक पत्रिका कापली, चौकटी आखल्या, नाव घातलं, पगारपत्रकावरचं खरं नाव. मोठ्या चौकटीशी येऊन अडले. काय लिहायचं, आणि साक्षीदार तरी किती बोलवायचे?

त्या वर्षी बाळाराम आला, नेहमीसारखा. केस पांढरे व्हायला लागलेले. मी खोकं पुढे केलं. त्यानं कार्ड वाचलं, त्या सहीवरून अंगठा फिरवला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, घेऊन जा ते. आता कोण विचारणार आहे? घरी राहू दे तुमच्याकडे.

बाळारामनं माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी भलतंच बोलले.

“नाय बाई,” तो म्हणाला. “दप्तराचं हाय.” आणि ‘ब’मध्ये, होतं तिथेच, ते परत लावलं.